सव्वीस मिलिमीटरचा माणूस

आगकाडीचं गुल तुम्ही तोडून टाकता आणि काडी कापून बरोबर सव्वीस मिलिमीटरची करता. साडेपाच फुटांचा माणूस चौसष्टपट लहान केला की एवढाच उरतो. रात्रीचे साडेअकरा झालेत. डोंबिवलीतल्या या घराच्या बंद केलेल्या गॅलरीत, टेबललॅम्पच्या उजेडात ‘त्रिंकोमाली’ उभी आहे. एकास चौसष्ट प्रमाण. खरं जहाज तोफांच्या मजल्यावर सुमारे दीडशे फूट लांब आणि चाळीस फूट रुंद. तुमचं सव्वादोन फुटांहून थोडंसं जास्त. आठ महिने झाले. सांगाडा उभा राहिला, फळ्या चढल्या, डोलकाठ्या तासून वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवल्या, रंगवलेल्या तोफा मिठाईच्या खोक्यात ओळीनं मांडल्या.

काडीचा माणूस तुम्ही डेकवर कठड्याजवळ उभा करता. फूटपट्टी जे सांगत नाही ते हा सांगतो. दोर अडकवायचे लाकडी खुंटे किटमध्ये आले ते बारा मिलिमीटरचे. त्या माणसाच्या ते जवळजवळ कमरेला लागतात. एवढा खुंटा कुठल्याच खलाशाला एका हातानं उपसता आला नसता. खऱ्या जहाजावर तो फार तर हातभर असतो, म्हणजे इथे सहा-सात मिलिमीटर. तुम्ही ते सगळे काढून ठेवता. उद्या बांबूच्या काड्या घ्यायच्या, सोनार तार बारीक करायला वापरतात त्या भोकांच्या पोलादी पट्टीतून ओढायच्या आणि नवे करायचे. डेकच्या फळ्यांचंही असंच झालं होतं. आल्या होत्या पाच मिलिमीटर रुंद. चौसष्टनं गुणलं तर साडेबारा इंच. तुम्हाला दहा इंच हवे होते, म्हणून प्रत्येक फळी चार मिलिमीटरपर्यंत घासलीत. कुणाला दिसणार आहे, असं घरात विचारलं गेलं. तुम्हाला दिसतं, एवढं कारण पुरेसं होतं.

आणि लाकूड. मूळ जहाज सागवानाचं, म्हणून पहिल्या महिन्यात तुम्ही जुन्या पलंगाची सागाची फळी चिरून लावून पाहिलीत. पण सागाचे रेषे काही जहाजाबरोबर लहान होत नाहीत. सव्वादोन फुटांच्या जहाजावर लाकडातली बारीक छिद्रं अशी दिसायला लागली की खऱ्या मापात अंगठा आत जावा. तीन ओळी लावून तुम्ही त्या उपटल्यात. मग वखारीत हिंडून हेदूचा तुकडा मिळवलात. वखारवाले त्याला हळदू म्हणतात. पिवळसर, घट्ट, रेषा जवळजवळ न दिसणारं लाकूड; याच्या फण्या व्हायच्या. तुमच्या टेबलावरचा साग हा असा हळदूचा आहे, आणि खऱ्या सागापेक्षा तो सागासारखा दिसतो.

आज रात्री मात्र वेगळाच काटा रुतला आहे. किटच्या खोक्यावर जहाजाची पिछाडी लंबगोल आहे, टोपल्याच्या बाजूसारखी वळत गेलेली, वळणावर खिडक्या बसवलेली. इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आज हे जहाज पाण्यावर आहे ते असंच दिसतं. तुम्हीही तसंच घडवलंत. ते वळण साधायला तीन आठवडे गेले, पट्ट्या भिजवून, वाफ देऊन, दोऱ्यानं बांधून. पण टेबलाच्या कोपऱ्यात कोरून आणलेली पितळी पाटी पडली आहे: ‘त्रिंकोमाली, मुंबई, १८१७’. पाटी आणि पिछाडी यांचं जमत नाही, असं कुठेतरी वाचल्याचं तुम्हाला आठवतं आहे.

तुम्ही काडीच्या माणसाला पिछाडीच्या खिडकीशी टेकवता, आत डोकावत असल्यासारखं. स्वतःही वाकता. लॅम्पचा उजेड खिडकीतून आत पडतो, आतल्या भिंतीवर पसरतो, आणि चौकट तुमच्या खांद्याला लागते.

पायाखालची जमीन कलते. तुम्ही काहीतरी धरता. तो दोर आहे, डांबरानं माखलेला. डोळ्यांत धूर. हे तुमचं जहाज नाही. हे ‘जावा’ आहे. मूळचं फ्रेंच, ‘रेनोमे’ नावाचं, इंग्रजांनी १८११मध्ये पकडून नाव बदललेलं. आज २९ डिसेंबर १८१२, आणि ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’शी त्याची गाठ पडली आहे. वरून मोठा कडकडाट होतो. तो मेघांचा नाही, डोलकाठी कोसळल्याचा आहे. शिडं, दोर, परबाणं सगळं तोफांच्या तोंडावर येऊन पडतं. कप्तान लँबर्ट यांना गोळी लागली आहे. ते यातून वाचणार नाहीत.

हे जहाज मुंबईला निघालं होतं. मुंबईच्या गोदीत बांधल्या जाणाऱ्या जहाजांच्या तळाला मारायचे तांब्याचे पत्रे याच्या पोटात आहेत. मुंबईला नेमणूक झालेले जनरल हिस्लॉप याच जहाजावर प्रवासी आहेत. पाच वर्षांनी महिदपूरच्या रणात होळकरांच्या फौजेसमोर इंग्रजांकडून हेच उभे असतील. आणि याच जहाजावर कुठेतरी आराखडे आहेत. तुमच्या ‘त्रिंकोमाली’चे.

त्या कागदांवरच्या रेषा इंग्रजांच्या नाहीत. १७८२मध्ये इंग्रजांनी ‘एबे’ हे फ्रेंच फ्रिगेट पकडलं. त्याचा रचनाकार झाक-नोएल साने. जहाज इतकं सरस निघालं की त्याच्या अंगाची मापं घेऊन इंग्रजांनी त्यावरून ‘लीडा’ आणि तिच्या भगिनी बांधल्या. त्यांतलीच एक मुंबईत व्हायची आहे, कारण नेपोलियनशी वर्षानुवर्षं चाललेल्या युद्धांत इंग्लंडचा ओक कमी पडतो आहे आणि मलबारच्या सागवानाला तोड नाही. ऑक्टोबरच्या अखेरीला हुकूम निघाला, आराखडे ‘जावा’वर चढले, आणि आता ते संपणार आहेत. ‘जावा’ इतकी मोडली आहे की विजेते कप्तान बेनब्रिज तिला बंदरात ओढून नेणार नाहीत. ते तिला जाळून टाकतील. इंग्लंडहून आराखड्यांची दुसरी प्रत निघेल तेव्हा कुठे मुंबईत काम सुरू होईल.

टेबलावर तुम्ही ज्या आराखड्याची छायाप्रत वर्षभर जपता आहात, तिच्यावर चहाचा डाग पडला म्हणून मागच्या महिन्यात हळहळला होतात. धुरात उभं राहून ते आता तुम्हाला आठवतं.

आग पुढे सरकते. तुम्ही मागे सरकता, आणि पाठ एका भिंतीला लागते. भिंत उन्हानं तापलेली आहे.

रविवार, १२ ऑक्टोबर १८१७. मुंबई.

पहिला येतो तो वास. राळ, तेल, कोरं सागवान, आणि ओहोटीनंतर उघड्या पडणाऱ्या चिखलाचा तो वास जो तुम्हाला ससून डॉकमुळे आजही ओळखीचा आहे. मग आवाज. हातोड्यांचा एकसुरी ठोका नाही हा. शेकडो हातोडे, प्रत्येकाची लय वेगळी. नवरात्र बसून एक-दोन दिवस झालेत. अमावास्या परवाच झाली, म्हणजे समुद्राला उधाण आहे, आणि जहाज पाण्यावर घ्यायचा दिवस असाच लागतो. दसरा एकोणीस तारखेला. पुण्यात दुसरे बाजीराव अजून पेशवे आहेत. पाच नोव्हेंबरला खडकीला लढाई होईल आणि त्यानंतरचं सगळं झपाट्यानं घडेल. इथे गोदीत कुणाच्या चेहऱ्यावर त्यातलं काही नाही. इथे सगळ्यांचं लक्ष पाण्याच्या पातळीकडे आहे.

तुम्ही सावलीला उभे राहता. तिथे एक सुतार उकिडवा बसून लाकडाची मेख तासतो आहे. हातात वाकस. दोन्ही पायांच्या अंगठ्यांनी त्यानं लाकूड धरलं आहे, शेगड्यानं धरावं तसं. वाकस पायाच्या बोटापासून दोन बोटांवर पडतो आणि दर वेळी कागदासारखा कपचा निघतो. तुमच्या टेबलावर तीन प्रकारचे शेगडे आहेत, सुईएवढी करवत आहे, भिंग आहे. तुम्ही त्याच्या अंगठ्याकडे बघत राहता.

एक कपचा तुम्ही उचलता. साग. तोच सोनेरी तपकिरी रंग, हाताला लागणारा तोच किंचित तेलकटपणा. तेच रेषे. इथे ते कुणाला मोठे वाटत नाहीत. हे तेल या लाकडाला कुजू देत नाही, आणि यात ठोकलेलं लोखंड ओकच्या आम्लानं गंजतं तसं गंजत नाही. एवढ्यासाठी समुद्रापलीकडचं नौदल इथे आलं आहे.

“दादा, कुणाला शोधताय?” सुतार मान वर न करता विचारतो.

“पिछाडी बघायची होती,” तुम्ही म्हणता.

तो वाकसानंच दिशा दाखवतो.

तुम्ही जहाजाच्या कडेनं चालायला लागता. दीडशे फूट म्हणजे किती, हे आठ महिने कागदावर मोजलेलं माप पहिल्यांदा पायांना कळतं. बाजूची भिंत वर जाता जाता आत झुकते. आराखड्यात हे झुकणं म्हणजे एक हलकी रेष. इथे ते डोक्यावर आलेल्या कड्यासारखं आहे. फळ्यांच्या जोडांकडे तुम्ही डोळे बारीक करून बघता. जोड दिसतात, पण काळी जाड रेघ कुठेही नाही. तुम्ही टेबलावर प्रत्येक फळीच्या कडेला पेन्सिलीची ठळक काळी रेघ मारली आहे, डेक उठून दिसावं म्हणून. इथे चार पावलं मागे गेलं की जोड लाकडात विरघळतो. ती रेघ फिकी करायला हवी. हे तुम्ही मनात टिपून ठेवता.

आणि मग पिछाडी.

सपाट. खिडक्यांची सरळ ओळ, वर कोरीव पट्टी, दोन्ही कडांना बाहेर आलेले खिडक्यांचे सज्जे. एखाद्या वाड्याची दर्शनी भिंत समुद्रावर बसवावी तशी. वळण नाही, लंबगोल काही नाही. तुमचे तीन आठवडे इथे कुठेच नाहीत.

तुम्ही बराच वेळ तिथेच उभे राहता. ही सपाट पिछाडी देखणी आहे, आणि लढाईत ती जहाजाची सगळ्यात नाजूक जागा आहे. बाजूच्या भिंतीत फूट-दीड फूट लाकूड. इथे खिडक्या आणि पातळ फळ्या. शत्रूनं मागून तोफ डागली तर गोळा एका टोकातून शिरून दुसऱ्या टोकापर्यंत माणसं कापत जातो. सर रॉबर्ट सेपिंग्ज नावाचे इंग्रज नौदलाचे रचनाकार याच काळात गोल पिछाडीचा आग्रह धरताहेत. पण ते इंग्लंडमध्ये. मुंबईत आलेला आराखडा जुन्या रीतीचा आहे, आणि मुंबईनं तो तसाच उभा केला आहे.

गलका वाढतो. गर्दी दुभंगते आणि एक वयस्क पारशी गृहस्थ पुढे येतात. पांढरा जामा, कमरेला गुंडाळलेला शेला, डोक्याला पागडी. तुम्ही त्यांना चित्रातून ओळखता: जमशेटजी बमनजी वाडिया. त्यांचे पूर्वज लवजी १७३६मध्ये सुरतेहून मुंबईला आले आणि तेव्हापासून या गोदीच्या मुख्य बांधणीचं काम या घराण्याकडे आहे. जमशेटजींनी १८१०मध्ये ‘मिंडन’ पाण्यावर आणलं. रांगेत उभं राहून लढणारं इंग्रजी आरमाराचं एवढं मोठं जहाज त्याआधी ब्रिटनबाहेर कधी बांधलंच गेलं नव्हतं. १८१३मध्ये ‘कॉर्नवॉलिस’. त्याच जहाजावर १८४२मध्ये नानकिंगचा तह होईल. जमशेटजी कुणाशी बोलत नाहीत. जहाजाच्या नाळेखाली उभे राहून ते पठाणावर, म्हणजे जहाजाच्या कण्यावर, नजर टाकतात.

त्या पठाणात कुठेतरी चांदीचा एक खिळा आहे. दीड वर्षापूर्वी हा कणा घातला तेव्हा पारशी रिवाजानं तो ठोकला गेला. जहाजाचं भलं व्हावं म्हणून. आराखड्यात तो नाही. किटमध्ये तर नाहीच. कुणालाही तो पुन्हा दिसणार नाही, आणि इथला प्रत्येक माणूस जाणतो की तो तिथे आहे.

तुम्ही सुताराकडे परत येता. एक प्रश्न मघापासून घशात अडकला आहे.

“डोलकाठ्या कुठे आहेत?”

आता तो मान वर करतो. चेहऱ्यावर उन्हाच्या बारीक सुरकुत्या, भुवईवर भुसा.

“आधी पाण्यात तर उतरू दे, दादा. काठ्या नंतर.”

“आणि तोफा?”

“त्या कुठल्या आत्ताच!” तो हसून पुन्हा खाली बघतो. वाकस पडतो, कपचा निघतो.

भरती चढते. पाणी कधी पोहोचलं हे कुणाला नेमकं सांगता येणार नाही. आधी खालच्या आधारांना ओलावा दिसतो, मग ते आधार करकरतात, मग बराच वेळ काहीच होत नाही, आणि मग शेकडो लोक एकदम गप्प होतात. कारण जहाज हललं आहे. इतकंच, बोटभर. दीड वर्ष जमिनीवर बसलेलं लाकूड पहिल्यांदा स्वतःच्या वजनाचा विचार करत असल्यासारखं थांबतं आणि सैल होतं. कुणीतरी ओरडतं. ढोल वाजतो. पाण्यावर आलेलं ते जहाज तुम्ही कल्पनेत पाहिलेल्या जहाजासारखं मुळीच नाही. डोलकाठ्या नाहीत, शिडं नाहीत, तोफांची भोकं रिकामी. पोटात काही नसल्यामुळे ते पाण्यावर उंच तरंगतं. तुम्ही काळजीपूर्वक आखलेली पाण्याची रेघ या जहाजावर पाण्याच्या किती तरी वर राहिली असती.

मिठाईच्या खोक्यातल्या तोफा तुमच्या डोळ्यांसमोर येतात, वर्तमानपत्रातल्या डोलकाठ्या येतात. पाटीवर कोरलंय ते हे जहाज. हा दिवस. यात तुमच्या त्या सामानातलं काहीही नव्हतं.

पुढचा प्रवास भराभर होतो. जानेवारी १८१९, सेंट हेलेना बेट. नेपोलियन वर लाँगवूडला कैदेत आहे आणि त्याच्यावर उपचार केलेले डॉक्टर स्टोको बेट सोडून याच जहाजावर चढतात. ३० एप्रिल १८१९, पोर्ट्‌समथ. बांधायला तेवीस हजार पौंड लागले होते. नुसतं इंग्लंडला आणायला सहा हजार सहाशे. आणि आणून ठेवलं राखीव ताफ्यात. ज्या युद्धांसाठी मागवलं होतं ती संपून गेली आहेत. तुम्ही खाडीत नांगरलेल्या जहाजाच्या कठड्याला हात लावून उभे असता आणि वर्षं जातात. वीस. पंचवीस. कप्तान नेमला जात नाही. मुंबईच्या सपाट पिछाडीनिशी ‘त्रिंकोमाली’ युद्धनौका म्हणून एकदाही कामावर निघत नाही.

१८४५नंतर एके दिवशी करवतीचा आवाज येतो.

तुम्ही पिछाडीकडे धावता. पोर्ट्‌समथचे सुतार मुंबईची ती दर्शनी भिंत कापताहेत. सागाच्या अंगात वाळूसारखे बारीक कण असतात. करवतीची धार लवकर जाते. दर थोड्या वेळानं काम थांबतं, करवतीला धार लावली जाते, पुन्हा सुरू. खिडक्यांची सरळ ओळ खाली येते. तिच्या जागी लंबगोल वळण उभं राहतं. तोफांची संख्या कमी होते, सव्वीसवर येते, पण त्या आधीपेक्षा भारी आहेत. १८४७मध्ये जहाज पहिल्यांदा कामगिरीवर निघतं. बांधल्यापासून तीस वर्षांनी. तुमच्या खोक्यावर आहे ते हे जहाज. तेही खरं आहे. पाटीवरचं साल तेवढं त्याचं नाही.

एका करवत्याच्या पायाशी मुंबईच्या कोरीव पट्टीचा तुकडा पडला आहे. तुम्ही तो उचलायला वाकता. भुशात बोट जातं, भुसा थंड होतो, हवा थंड होते.

हार्टलपूल. १९९०चं दशक. जहाजाभोवती परांच्या बांधलेल्या आहेत. मधल्या काळात ते खलाशांच्या कवायतीचं जहाज झालं, भंगारात जाता जाता १८९७मध्ये वाचलं, ‘फूड्रॉयंट’ असं दुसरंच नाव घेऊन ऐंशीहून अधिक वर्षं मुलांना समुद्र शिकवत राहिलं. १९९२मध्ये त्याला जुनं नाव परत मिळालं. पिवळी टोपी घातलेले सुतार एकेका फळीला ठोकून बघताहेत. हातोडीचा आवाज भरीव आला तर फळी जागेवर राहते. पोकळ आला तरच निघते. त्यांच्यासमोरही तुमच्यासारखाच प्रश्न आहे: जहाज कुठल्या दिवसाला न्यायचं? लंबगोल पिछाडी कापून मुंबईची सपाट भिंत परत बसवायची? ती नवी असेल, आणि जहाजानं स्वतः जगलेली पिछाडी त्यासाठी मोडावी लागेल. ती त्यांनी मोडली नाही. तुम्हाला वाटतं, बरोबर केलं. खरं जहाज त्याच्या सगळ्या वर्षांचं असतं. प्रतिकृती करणाऱ्याला मात्र त्या वर्षांतला एकच दिवस घेता येतो.

एका फासळीवर तुम्ही हात ठेवता. सागाचा तो किंचित तेलकटपणा अजून आहे.

लॅम्प. गॅलरी. समोरच्या इमारतीत एकच खिडकी उजळलेली. पावणेदोन वाजलेत. काडीचा माणूस टेबलावर आडवा पडला आहे.

तुम्ही पाण्याचा घोट घेता आणि बराच वेळ बसून राहता. तुमचं नशीब मोठं आहे, असं तुम्हाला वाटतं, कारण तुमच्या जहाजाला विचारता येतं. आराखडा आहे, बदलांच्या तारखा आहेत, आणि ते लाकूड अजून पाण्यावर आहे. मागच्या वर्षी मित्रानं आंग्र्यांची गुराब ही लढाऊ नौका करायला घेतली तेव्हा त्याच्याकडे यातलं काहीच नव्हतं. १७५६च्या फेब्रुवारीत विजयदुर्गाखाली तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं, आणि त्याबरोबर विचारायची जागाच जळाली. तरी त्या काळचे इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म यांनी गुराबेचं वर्णन लिहून ठेवलं आहे, आणि ते इतकं बारीक आहे की वाचताना हात शिवशिवतात: लांबीच्या मानानं रुंद अंग, पुढे युरोपी जहाजासारखी फुगीर छाती नाही, तर लांब निघालेली नाळ, त्या नाळेवरचं डेक मुद्दाम उघडं, कठडा नाही, कारण समोरच्या लाटेत जहाज नाक खुपसतं तेव्हा चढलेलं पाणी तसंच निघून जावं, आणि त्या उघड्या डेकवरून पुढे मारा करणाऱ्या दोन तोफा. मित्राला बाजारात मिळालेल्या नमुन्यात मात्र भक्कम कठड्यांची युरोपी नाळ होती. शोकेसमध्ये ‘मराठा आरमार’ म्हणून ठेवलेली अशी जहाजं पाहिली की तुम्हाला मनापासून वाईट वाटतं. ज्यांनी ती उघडी नाळ कोकणच्या लाटा पाहून घडवली त्या सुतारांचं डोकं त्या एका कठड्याखाली झाकलं जातं. मित्रानं तो कठडा काढला. बाकी जे कळत नव्हतं ते साधं ठेवलं, नक्षीनं भरलं नाही.

तुम्ही उठता. कपाटातल्या जुन्या डबीत तुटलेल्या पैंजणाची एक कडी आहे. ती तुम्ही त्या पोलादी पट्टीच्या भोकांतून ओढता, एका भोकातून दुसऱ्या बारीक भोकात, जरा तापवून पुन्हा. तार केसाएवढी होते. तिचा दीड मिलिमीटरचा तुकडा तुम्ही कापता. चौसष्टनं गुणलं तर चार इंचांच्या आत. जहाज उलटं करून मऊ फडक्यावर ठेवता. पठाणात बारीक ड्रिल फिरवून भोक पाडता, चिमट्यानं तार आत बसवता, वरून हळदूचा भुसा आणि सरस भरता. कोरडं झाल्यावर घासता. आता तिथे काही दिसत नाही.

मग पिछाडी. चिकटवलेल्या पट्ट्यांखाली गरम सुरी सरकवता. पहिली पट्टी कट्‌ आवाज करून सुटते. तीन आठवडे अर्ध्या तासात टेबलावर येतात. त्या पट्ट्या तुम्ही टाकत नाही. चिठ्ठी लावून ठेवता, ‘१८४७’. तोफांच्या मिठाईच्या खोक्यावरही तीच चिठ्ठी. डोलकाठ्यांची गुंडाळी माळ्यावर जाते.

हळदूची एक सपाट फळी तुम्ही लॅम्पखाली धरता. गुण्या लावता. काडीच्या माणसाला तिच्या कडेशी उभं करता, खिडकी त्याच्या खांद्याला कुठे लागेल ते बघता, आणि टोकदार पेन्सिलीनं पहिल्या खिडकीची हलकी रेघ ओढता.